शिकाऱ्याची सुरी एवढीशी का असते?

ट्रेकच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. हातभर लांब काळा चाकू, पाठीवर करवतीसारखे दाते, मुठीच्या टोपणात होकायंत्र. खाली कमेंट, 'भावा, वाघ मारायचाय का?'

सेकंड इयरला आमच्या ग्रुपवर हा फोटो मीच टाकला होता. ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला चाकू. गडावर पोचल्यावर कांदा चिरायला घेतला, तर तो चिरला नाही, चेपला. काटक्या तोडायला गेलो, तर मूठ माझ्या हातात आणि पातं गवतात! शेवटी खिचडीचे कांदे मैत्रिणीने घरून आणलेल्या सुरीने चिरले. पोरं अजून चिडवतात.

मग प्रश्न पडला, रानात ज्यांचं सुरीवाचून खरंच अडतं, ती माणसं काय वापरतात?

अलास्काचं उदाहरण घ्या. तिथे परवाना काढून, ठरलेल्या हंगामात मूसची शिकार करता येते. मूस म्हणजे घोड्याहून थोराड हरीण. मोठ्या नराचं मांस दोनशे किलोंच्या वर भरतं आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथे गुन्हा आहे. अनेकदा रस्ता नसतो, सगळं पाठीवर वाहायचं. कातडं पटकन सोललं नाही तर अंगातली उष्णता आत कोंडते आणि मांस खराब होतं. आता सांगा, एवढ्या कामासाठी सुरी केवढी लागेल? पातं जेमतेम तीन-चार इंचांचं! म्यानासकट वजन बहुतेक वेळा तुमच्या मोबाइलपेक्षा कमी.

कारण सोलणं हे ताकदीचं नाही, बोटांचं काम आहे. पातं लांब असलं की कातड्याखाली टोक कुठे चाललंय ते कळत नाही. ते आतड्याला लागलं की घाण थेट मांसावर. म्हणून या सुरीची पाठ टोकाकडे हळूच उतरत जाते आणि टोक जरा खाली येतं. याला म्हणतात 'ड्रॉप पॉइंट'. पोटाकडची धार गोलसर असते, तीच कातडं सोडवत जाते.

हा आकार शिकाऱ्यांमध्ये रुजवण्याचं श्रेय मुख्यतः अमेरिकेच्या बॉब लव्हलेस यांना देतात. १९५३ च्या सुमारास त्यांना एका नावाजलेल्या कारागिराची सुरी हवी होती. दुकानदार म्हणाला, नऊ महिने थांबा. गड्याने भंगारातल्या पॅकार्ड गाडीच्या स्प्रिंगचा पाटा मिळवला आणि स्वतःच सुरी घडवली.

फोल्डिंग चाकू का नको? सांध्यात रक्त, चरबी, केस अडकतात आणि रानात ते धुऊन निघत नाहीत. न मिटणाऱ्या सुरीत ही कटकट नाही. फक्त पात्याचं पोलाद मुठीत आतपर्यंत गेलेलं हवं. माझ्या चाकूची मूठ पोकळ होती, होकायंत्रासाठी! तिथेच तो मेला.

पोलादाचं गणित सोपं आहे. कार्बन स्टीलला धार चटकन लागते, पण पुसून ठेवलं नाही की गंजतं. स्टेनलेस ओल सोसतं. फार कडक पोलादाची धार टिकते, पण गेली की रानात परत लावताना घाम फुटतो. मूठ ओल्या हातातून न सटकणारी हवी आणि शक्यतो भगवी, म्हणजे गवतात पडली तरी दिसते. हलकेपणालाही मर्यादा आहे. ब्लेड बदलता येणाऱ्या सुऱ्या सगळ्यात हलक्या, पण सांध्यात घालून पिळल्या की पातं तुटतं आणि बोट कापतं.

आता आपल्याकडचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे सोलायचा प्रश्नच नाही. पण ट्रेकला दोरी, कांदा, बँडेज कापायला हीच छोटी सुरी पुरून उरते. स्वीडनच्या मोरा गावच्या, प्लॅस्टिकच्या मुठीच्या साध्या सुऱ्या जगभर याच कामाला वापरतात. त्यांचं पातं साधारण दहा सेंटिमीटरचं असतं.

आणि तो हातभर चाकू? घरगुती किंवा शेतीकामाचा नसलेला, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्र नियमांत शस्त्र ठरतो. पोलिसांचे मनाई आदेश लागू असतील तर छोटी सुरी मिरवणंही महागात पडू शकतं. म्हणून ती कमरेला नको, सॅकमध्ये, म्यानात, तळाशी. विमानात तर केबिन बॅगेत अजिबात नको.

पुढच्या ट्रेकला फोटो टाकणार असाल तर चाकूचा नको. बारीक चिरलेल्या कांद्याचा टाका!