मस्कतचं बंद दैनिक आणि दहा रुपयांचा अर्ज

ऑगस्ट 2016 मध्ये ओमानमधलं 'अझ्झमन' हे दैनिक सरकारी आदेशानं बंद झालं. न्यायव्यवस्थेतल्या भ्रष्टाचाराच्या बातम्या त्यानं छापल्या होत्या. डिसेंबरात अपील न्यायालयानं बंदी उठवली; ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा कायम केली. या बातम्यांत लष्करी गुपित कुठलंच नव्हतं. अशा कारवाईत पुढे केला जाणारा 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा शब्द इतका सैल आहे की त्यात काहीही बसवता येतं, आणि खरा धोका मला तिथेच दिसतो.

मस्कतमधला मराठी माणूस तिथल्या भारतीय दूतावासाकडे मात्र दहा रुपये भरून ऑनलाइन माहिती मागू शकतो. आपल्या 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातलं कलम 8(1) सुरक्षेची माहिती झाकतं. पण जनहित मोठं ठरलं, तर कलम 8(2) खाली तीही देता येते.