समुद्रकासवांचें रक्षण आणि आपण

माझें गांव विंचूर, नाशिक जिल्ह्यांतलें. येथून समुद्र पुष्कळ दूर. मग कांदा-द्राक्षांच्या मुलखांतील एका निवृत्त शिक्षकानें समुद्रकासवांविषयीं कां बोलावें, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. त्याचें उत्तर शेवटीं देतों.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचें गांव आहे. हिंवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्रीं तेथील वाळूंत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते, खड्डा बुजविते आणि समुद्रांत परतते. पूर्वीं हीं अंडीं माणसें काढून नेत. उरलेलीं कोल्हीं-कुत्रीं उकरीत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें तेथें रक्षणाचें काम आरंभिलें. अंडीं अलगद उचलून कुंपणाच्या आंत तेवढ्याच खोल पुरावयाचीं, सुमारें पन्नास दिवस राखावयाचीं आणि पिलें वर आलीं कीं समुद्राकडे सोडावयाचीं, अशी ही साधी रीत. पुढें तेथें कासव-महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांची सोय घरोघरीं होऊं लागली, आणि अंडीं विकण्यापेक्षां राखण्यांत लाभ आहे, हें गांवास उमगलें.

आपण काय करावें? घरटें दिसल्यास अंड्यांस हात लावूं नये. तीं उलटींसुलटीं झाल्यास आंतील जीव दगावतो. वनखात्यास कळवावें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अंडीं नेणें हा गुन्हाच आहे. किनाऱ्यावर रात्रीं दिवे लावूं नयेत. पिलें उजेडाकडे चालतात व फसून जमिनीकडे वळतात. कासव फुप्फुसांनीं श्वास घेतें, म्हणून जाळ्यांत फार वेळ अडकल्यास गुदमरतें. कोळी बंधूंनीं प्रसंगीं जाळें कापूनहि त्यास सोडावें. अशा जाळ्याची भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं सुरू केली.

आतां विंचूरचें उत्तर. आमच्या ओढ्यानाल्यांचें पाणी गोदावरीस मिळतें आणि गोदावरी आंध्रांत बंगालच्या उपसागरास. त्या किनाऱ्यावरहि हींच कासवें अंडीं घालतात. कांद्याची फाटकी जाळीदार गोणी वा प्लास्टिकची पिशवी आपण बांधावर टाकतों. पावसाळ्यांत ती वाहूं लागते. पाण्यांत तरंगणारी पिशवी कासवास भक्ष्य वाटते, गोणीच्या जाळींत त्याचें पिलूं अडकतें.

गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरीं, असें मीं वर्षानुवर्षें मुलांकडून घोकून घेतलें. मुखहि नकाशावर दाखविलें. पण आपल्या दारचा कचरा तेथवर जाऊं शकतो, हें सांगावयाचें राहून गेलें. ती उणीव आज भरून काढली.