वर्ध्यात इटालियन शोधताय? आधी हे वाचा

पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पास्ता आणि सोबत वाइन हवी असेल, तर सरळ नागपूर-मुंबईची वाट धरा. गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे. वाइनच नाही म्हटल्यावर महागडं इटालियन रेस्तराँ इथे रुजायचं कसं? तरीही इटलीचं आणि वर्ध्याचं नातं आहे, आणि ते फार सुंदर आहे.

गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी डिसेंबर 1931मध्ये रोमला थांबले आणि 14 तारखेला ब्रिंडिसी बंदरातून मुंबईच्या बोटीत बसले. त्याच ब्रिंडिसीजवळच्या एका गावात 1901 साली जन्मलेला लान्झा देल व्हास्तो हा कवी-विचारवंत काही वर्षांनी गांधीजींना शोधत थेट वर्ध्यात पोचला. तीनेक महिने राहिला, सूत कातायला शिकला. गांधीजींनी त्याचं नाव ठेवलं ‘शांतिदास’. पुढे 1948मध्ये त्याने फ्रान्समध्ये गांधीजींच्या आश्रमाच्या धर्तीवर वसाहत उभारली आणि 1954मध्ये विनोबांना भेटायला तो पुन्हा भारतात आला.

त्या काळी गांधीजींच्या आश्रमाच्या पंगतीत काय असे? उकडलेल्या भाज्या, शेळीचं दूध, कडुनिंबाच्या पाल्याची चटणी. मसाल्याला मज्जाव! 1935मध्ये वर्ध्यातल्या मगनवाडी आश्रमाच्या स्वयंपाकघरात चक्क सोयाबीनचे प्रयोग झाले होते. आज विदर्भात कपाशीच्या जोडीला सोयाबीनची शिवारंच्या शिवारं दिसतात, तेव्हा गांधीजींचं ताट किती पुढचं होतं ते कळतं.

 

आता खायचं काय, ते सांगते. वर्ध्यात आलात आणि गोरस भांडारात गेला नाहीत, तर चूक तुमची. तिथला गोरसपाक म्हणजे तुपातलं खुसखुशीत, खमंग बिस्किट. तोंडात टाकलं की विरघळतं. परतताना पुडा घेतल्याशिवाय वर्धेकर पाहुण्याला गाडीत बसू देत नाहीत. दुधातुपाचं हे वेड जुनंच आहे. पांढरीशुभ्र, काटक गवळाऊ गाय याच भागातली, आर्वी-कारंजा पट्ट्यातली. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाजांनी तर अखेरचा काळ गोसेवेलाच वाहिला.

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळदही सोडू नका. तिला भौगोलिक मानांकन आहे. चिमूटभर टाकली तरी भाजीचा रंग बदलतो.

आणि ओव्हनमधल्या पिझ्झ्याचं कौतुक असणाऱ्यांनी एकदा शेतात रोडगे खावेत. कणकेच्या पाऱ्या एकावर एक ठेवून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वरून काळपट झाला की बाहेर काढायचा, फडक्याने राख झटकायची, हाताने फोडायचा. आतून वाफ येते आणि पापुद्रे सुटतात. त्यावर तुपाची धार, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. माझं मत विचाराल तर जगातल्या कुठल्याही भट्टीतल्या पदार्थाला हा भारी आहे. हॉटेलच्या मेन्यूकार्डात मात्र तो क्वचितच सापडेल. त्यासाठी वर्धेकरांशी ओळख काढावी लागते, आणि इथले लोक आग्रहाने जेवू घालतात.

साधंच खायचं असेल, तर सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात कमी मसाल्याचं सात्त्विक जेवण मिळतं. वर्धा शहरापासून आश्रम जेमतेम आठ किलोमीटर. सकाळी गांधीजींची बापूकुटी बघा, दुपारी तिथेच जेवा, संध्याकाळी विनोबांच्या पवनारला धाम नदीकाठी जा. आणि गोरसपाकाचा एक पुडा प्रवासात फोडायला वेगळा ठेवा, घरचा घरापर्यंत पोचला पाहिजे.