अग्नी, इंधन आणि थकवा : बल्य देण्यापूर्वीचा विचार

‘अंगात त्राण उरले नाही’ ही तक्रार कानी पडली नाही, असा दिवस चिकित्सकाच्या किंवा औषधविक्रेत्याच्या वाट्याला क्वचितच येतो. अशा वेळी एखादा अवलेह अथवा गोड टॉनिकची बाटली हाती देऊन रुग्णाला निरोप देणे सोपे असते. परंतु रुग्णाला इंधन कमी पडते आहे, की मिळालेले इंधन वापरण्याची सामग्रीच अपुरी आहे, हा प्रश्न त्यापूर्वी विचारला जावा असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

इंधन निराळे, ज्वलन निराळे

आयुर्वेदाने एक जाठराग्नी, पाच भूताग्नी आणि सात धात्वग्नी असे तेरा अग्नी सांगितले. अन्न पचणे आणि पचलेल्या अन्नाचे धातूंच्या पातळीवर रूपांतर होणे ह्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे त्यातून स्पष्ट होते. अग्नी म्हणजेच अमुक एक विकर, असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह मात्र टाळावा. तरीही पेशींतील चयापचय पाहिले असता हा भेद चिकित्सेत किती उपयुक्त आहे, हे ध्यानी येते.

ग्लुकोजच्या एका रेणूचे प्राणवायूविना विघटन झाल्यास पेशीला एटीपीचे केवळ २ रेणू मिळतात. त्याचे पूर्ण ज्वलन झाल्यास सुमारे ३० मिळतात. हे पूर्ण ज्वलन साधण्यासाठी ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे लागतात. त्यांपैकी ब१ नसेल तर ग्लुकोजपासून तयार झालेला पायरुव्हेट पुढच्या पायरीवर नीट जात नाही. एटीपीचा वापर करण्यास मॅग्नेशियम हवे, तर चयापचयाचा वेग राखणाऱ्या थायरॉइड संप्रेरकांसाठी आयोडीन हवे. ह्या द्रव्यांपासून स्वतः ऊर्जा मिळत नाही. पण त्यांच्यावाचून अन्नातील ऊर्जा हाती येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन ह्यांना सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसदृश विकार आढळला. पोटात अन्न होते; कोंड्याबरोबर ब१ मात्र निघून गेले होते.

लोह : सर्वांत मोठी उणीव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी लोहाची कमतरता हे त्यांतील एक प्रमुख कारण आहे. लोहाचे कार्य केवळ प्राणवायू वाहून नेण्यापुरते नाही. पेशीतील ज्वलनाच्या अखेरच्या साखळीतही ते लागते. म्हणूनच हिमोग्लोबिन घसरण्यापूर्वीच, शरीरातील साठा आटू लागला असता, थकवा जाणवू शकतो. अशा रुग्णात फेरिटिनची तपासणी उपयोगी पडते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पांडुरोगाच्या अध्यायात नवायस चूर्ण सांगितले आहे. त्रिकटू, त्रिफळा, मुस्ता, विडंग व चित्रक ह्यांच्यासह लोह देणारा हा कल्प. केवळ लोह न देता दीपन-पाचन द्रव्यांची जोड देण्यामागील दृष्टी आजही मननीय आहे.

परंतु पांडुता दिसली की लोहकल्प, हा नियम होऊ शकत नाही. थॅलेसेमियाच्या रुग्णात अकारण दिलेले लोह शरीरात साचून अपाय करते. पुरुषांत किंवा रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत लोहाची कमतरता आढळल्यास पचनमार्गातून रक्तस्राव होत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. तेथे थकवा हे मोठ्या व्याधीचे पूर्वरूप असू शकते.

ब१२ कडे दुर्लक्ष नको

हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहारी रुग्णाची भिस्त दुधातुपावर, त्यातही मुख्यतः दूध, दही, ताक ह्यांवर असते. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याचे शोषण घटते. थकव्याबरोबर हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे अशी लक्षणे असल्यास ब१२ तपासावे. अशा रुग्णास केवळ फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारल्याचे दिसते, नाड्यांची हानी मात्र चालूच राहते.

आहारयोजना

सकाळी गोड चहा-बिस्किटांवर भागवले की रक्तशर्करा झपाट्याने वाढते व थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. त्याऐवजी भाकरी व उसळ, किंवा नाचणीची आंबील व सोबत शेंगदाणे असा आहार असल्यास शर्करा सावकाश मिसळते आणि उत्साह अधिक काळ टिकतो. कडधान्यांना मोड आणल्याने लोहाचे शोषण अडवणारे फायटेट कमी होते. पोह्यांवर पिळलेले लिंबू किंवा जेवणातील ताजा आवळा ‘क’ जीवनसत्त्व पुरवून लोहाचे शोषण वाढवतो. जेवणाबरोबरचा चहा ते घटवतो. म्हणून चहा तासाभराच्या अंतराने घेण्यास सांगावे.

औषधविक्रेत्यांसाठी

लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने ह्या दोहोंपासून सुमारे चार तासांचे अंतर राखावे. मधुमेही ग्राहकास अवलेहातील साखरेची आणि आसवारिष्टांतील गुळाची कल्पना द्यावी. तेच ते टॉनिक महिनोन्महिने मागणाऱ्यास पुढची बाटली देण्याऐवजी तपासणीचा सल्ला द्यावा. एका बाटलीची विक्री गेली तरी ग्राहकाचा विश्वास राहतो.

बल्य व रसायन औषधांचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. त्यांचा गुण यावा म्हणूनच आधी आहार, मलप्रवृत्ती, निद्रा, रजःस्राव आणि चालू औषधे विचारावीत, हिमोग्लोबिन पाहावे, उणीव कोणती ते ठरवावे आणि मगच योजना करावी. ह्या विचारपुशीस दहा मिनिटे लागतात. ती न केल्यास रुग्णाची वर्षे थकव्यात जातात.