राजापूर मतदारसंघ: नाव आणि सीमा

लांजा तालुक्यास समुद्र नाही. तथापि विधानसभेच्या निवडणुकीत लांजेकर आणि जैतापूरच्या खाडीकाठचा मच्छीमार एकाच प्रतिनिधीसाठी मत देतात. उभयतांचा मतदारसंघ राजापूर हा होय. लांजा व राजापूर हे तालुके आणि संगमेश्वर तालुक्याचा काही भाग मिळून तो झाला आहे. माचाळच्या डोंगरात उगम पावणारी मुचकुंदी आणि राजापुराजवळून वाहणारी अर्जुना या त्यातील प्रमुख नद्या होत.

पूर्वी लोकसभेचाही एक मतदारसंघ राजापूर या नावाने ओळखला जाई. तेथून बॅ. नाथ पै १९५७, १९६२ व १९६७ साली निवडून आले. पुढे १९७१ ते १९८९ या काळात प्रा. मधु दंडवते पाच वेळा विजयी झाले. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते. २००८ च्या पुनर्रचनेत लोकसभेपुरते ते नाव लोपले, आणि २००९ पासून हा सारा प्रदेश रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात मोडतो.

ऑस्ट्रेलियात अनेक मतदारसंघांस थोर व्यक्तींची नावे देतात. ‘डीकिन’ हे तेथील पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांचे स्मारकच होय. आपल्याकडे नावे गावांची. सीमा बदलली की तीही जातात. म्हणून नाथ पै व दंडवते कोणाचे प्रतिनिधी होते, हे घरच्या वडीलधाऱ्यांनीच मुलांस सांगून ठेविले पाहिजे.