भिन्न घडणीची मुले : साम्य आणि भेद

वर्गातील एखादे मूल तोंडी उत्तरे चटकन देते, पण वाचावयास सांगितले की अक्षराअक्षराला अडखळते. दुसरे क्षणभरही जागेवर टिकत नाही. तिसरे हाक मारूनही वळून पाहत नाही. मात्र घंटा वाजताच कानांवर हात ठेवते. या तिघांनाही पुष्कळदा 'मठ्ठ' किंवा 'हट्टी' ही एकच विशेषणे लागतात. वस्तुतः पहिल्यास वाचनविषयक अध्ययन अक्षमता, दुसऱ्यास अवधानन्यूनता व अतिचंचलता, तर तिसऱ्यास स्वमग्नता असू शकेल. निदान तज्ज्ञांनी करावयाचे असते. शिक्षकाने निरीक्षण करून नोंद ठेवावी.

मेंदूची घडण माणसागणिक भिन्न असते व ही भिन्नता मानवजातीच्या स्वरूपाचाच भाग होय, हा विचार गेल्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य देशांत पुढे आला. स्वमग्न व्यक्तींनी आपली बाजू स्वतःच मांडली. ऑस्ट्रेलियातील जुडी सिंगर यांनी १९९८ साली आपल्या प्रबंधात त्यासाठी 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द वापरला. पुढे अतिचंचलता व अध्ययन अक्षमता असलेल्या व्यक्तीही या विचाराभोवती एकत्र आल्या. अवहेलनेचा समान अनुभव हा त्यांच्या ऐक्याचा पाया होय.

परंतु ऐक्य म्हणजे एकरूपता नव्हे. अतिचंचल मुलास हालचाल हवी असते. तीच गडबड शेजारच्या स्वमग्न मुलास असह्य होऊ शकते. दिनक्रमाची लेखी यादी एकास आधार देते, तर वाचनात अडखळणाऱ्यास तीच चित्ररूपाने हवी असते. स्वमग्न मुलांतही एखादे अखंड बोलते, एखादे मुळीच बोलत नाही. शिवाय एकाच मुलात दोन अवस्था असू शकतात.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ७ प्रकार होते; त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता नव्हत्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मानले व या दोहोंचा समावेश झाला. अतिचंचलतेचा स्वतंत्र उल्लेख मात्र त्या यादीत नाही. म्हणून प्रमाणपत्र हाती नसले तरी वर्गातील साहाय्य थांबू नये.

अतिचंचल मुलास वह्या वाटण्याचे, फळा पुसण्याचे काम द्यावे. स्वमग्न मुलास शांत कोपरा द्यावा व दिनक्रमातील बदल अगोदर सांगावा. वाचनात अडखळणाऱ्याचे ज्ञान तोंडी प्रश्नांनीही तपासावे. साहाय्य ज्याचे त्याला निराळे. परंतु चारचौघांत हिणवले न जाण्याचा अधिकार तिघांचाही सारखाच आहे.