एस्प्रेसो की एक्सप्रेसो? एका इटालियन शब्दाचे अर्थ किती?

वांद्र्यात हिल रोडपासून कार्टर रोडपर्यंत कॅफेंची रांग आहे. मेन्यूवर ‘एस्प्रेसो’ लिहिलेलं असतं, ऑर्डर देताना मात्र अनेक जण ‘एक्सप्रेसो’ म्हणतात. काही मेन्यूंवरही तेच छापलेलं दिसतं.

मग बरोबर काय? एस्प्रेसो. इटालियन स्पेलिंगमध्ये ‘एक्स’ नाहीच, ‘एस’ मात्र तीनदा येतो.

मूळ लॅटिन क्रियापद ‘एक्सप्रिमेरे’, म्हणजे दाबून बाहेर काढणं. इंग्रजीतला ‘एक्सप्रेस’ त्यातूनच आला आणि त्याने ‘एक्स’ टिकवला. इटालियनमध्ये त्याचा ‘एस’ झाला. आपल्या तोंडात एक्सप्रेस गाडी आणि एक्सप्रेस हायवे बसलेले, त्यामुळे जीभ आपोआप तिकडे वळते. आणि ही काही फक्त आपलीच चूक नाही. पोर्तुगीजमध्ये तर ‘एक्स’वालं स्पेलिंगच शुद्ध मानतात.

इटालियनमध्ये या शब्दाचे अर्थही बरेच. व्यक्त केलेलं मत ‘एस्प्रेसो’, स्पष्ट शब्दांत सांगितलेली अट ‘एस्प्रेसो’ आणि जलद गाडी म्हणजे ‘त्रेनो एस्प्रेसो’. कॉफीला हे नाव नेमकं कशावरून मिळालं? दाबून काढलेली, झटपट मिळणारी, की खास तुमच्यासाठी त्या क्षणी बनवलेली? तिन्ही अर्थ तिला चपखल बसतात. मिलानच्या लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते वाफेच्या दाबाने एकेक कप कॉफी काढून द्यायचं. आजच्या यंत्रात साधारण ९ बार दाबाने गरम पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून जातं आणि २५-३० सेकंदांत कप तयार होतो.

खरा घोळ स्पेलिंगचा नाही, कपातल्या कॉफीचा आहे. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये जी ‘एक्सप्रेसो’ मिळते, तिच्यात इन्स्टंट कॉफी, साखर आणि वाफेने फेसाळलेलं दूध असतं; वरून कोको पावडर भुरभुरलेली. तीच चव डोक्यात ठेवून कॅफेत एस्प्रेसो मागवली, तर समोर येतो दोन घोटांचा काळा, कडू कप. दूध नाही, साखरही नाही. पैसे मात्र पूर्ण. मग काही जण वेटरला विचारतात, “बाकीची कुठेय?”

लग्नातल्यासारखी हवी असेल तर कॅपुचिनो मागवा. साखर तेवढी वेगळी घालावी लागेल.